केदारनाथला किती दिवस लागतात?

मुंबईहून पहाटेचं विमान धरलं की सकाळीच डेहराडून गाठता येतं. तिथून गाडीने रात्रीपर्यंत गुप्तकाशी, दुसऱ्या दिवशी सकाळी फाटा गावच्या हेलिपॅडवरून जेमतेम दहा मिनिटांचं उड्डाण, आणि नाश्त्याच्या वेळेला माणूस केदारनाथाच्या दगडी मंदिरासमोर उभा. संध्याकाळी परत खाली. रजा चार दिवसांची, शनिवार-रविवार धरून.

या हिशोबात किलोमीटर असतात, तास असतात, भाडं असतं. नसते ती उंची. केदारनाथ समुद्रसपाटीपासून 3,583 मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची 1,646 मीटर. केदारची पायवाट जिथे सुरू होते ते गौरीकुंडच सुमारे 1,980 मीटरवर. म्हणजे यात्रा जिथून चढायला लागते, तिथवरही महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचा एकही कडा पोचत नाही. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या पुणेकराचे पाय आणि छाती भक्कम असतात, त्याचा फायदा केदारच्या चढावर निश्चित होतो. पण दम टिकणं आणि विरळ हवा मानवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची तयारी घरी होते, दुसरीची फक्त डोंगरावर, आणि तिला दिवस लागतात.

हवा तीच, दाब कमी

उंचावर ‘ऑक्सिजन कमी होतो’ असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर हवेतलं त्याचं प्रमाण दादरला जितकं, तितकंच केदारला असतं, सुमारे 21 टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. केदारनाथला तो समुद्रसपाटीच्या जवळपास दोनतृतीयांश उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही एकतृतीयांश कमी येतो. कैलास परिक्रमेतल्या डोल्मा खिंडीत, सुमारे 5,630 मीटरवर, दाब निम्म्यावर आलेला असतो. हीच गोष्ट स्वयंपाकघरातही दिसते. केदारनाथला पाणी शंभर अंशांऐवजी अठ्ठ्याऐंशीच्या आसपास उकळतं आणि कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही.

शरीर याला तोंड देतं, पण टप्प्याटप्प्याने. श्वास लगेच जलद आणि खोल होतो, नाडी वाढते. जास्त श्वासोच्छ्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि श्वासाला उलट लगाम बसतो. तो लगाम सैल करण्यासाठी मूत्रपिंडं जादा बायकार्बोनेट बाहेर टाकतात. या कामाला दोन-तीन दिवस जातात. तांबड्या पेशी वाढायला तर कित्येक आठवडे. हेलिकॉप्टरने गेलेल्या माणसाच्या मूत्रपिंडांना हे काम सुरू करायलाही वेळ मिळालेला नसतो.

त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर सुरू होतो आणि पोचल्यानंतर सहा ते बारा तासांनी डोकं वर काढतो. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, चक्कर, झोप न लागणं ही त्याची लक्षणं. ‘प्रवासाचा शीण आहे, सकाळी बरं वाटेल’ असं म्हणून घरातली मंडळी ती उडवून लावतात. बहुतेकांना खरोखर बरं वाटतंही. काहींचा त्रास मात्र दोन घातक वाटांनी पुढे जातो. एकीत फुप्फुसात पाणी भरतं. बसल्या जागी धाप लागते, खोकला सुटतो, ओठ निळसर पडतात. दुसरीत मेंदूला सूज येते. माणूस असंबद्ध बोलतो, सरळ रेषेत चालता येत नाही, आणि त्याच्याबरोबरच्यांना वाटतं की तो फक्त थकलाय.

लष्कराने शिकवलेला धडा

या आजाराच्या अभ्यासात भारताचं नाव मोठं आहे, आणि त्यामागे 1962 चं चीन युद्ध आहे. सपाटीवरच्या तुकड्या विमानाने थेट लडाखसारख्या भागात उतरवाव्या लागल्या आणि धडधाकट तरुण जवान शत्रूची गाठ पडण्याआधीच आजारी पडू लागले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1,925 जवानांची निरीक्षणं 1969 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडली. तो लेख आजही या विषयातला पायाभूत मानला जातो.

लष्कराचं वेळापत्रक या अनुभवावरच उभं आहे. नऊ ते बारा हजार फुटांच्या टप्प्यावर जवानाला सहा दिवस मिळतात. पहिले दोन दिवस निव्वळ आराम, पुढचे दोन दिवस सपाटीवर थोडं चालणं, शेवटच्या दोन दिवसांत पाच किलोमीटरपर्यंत चाल आणि थोडा चढ. बारा हजारांच्या वर आणखी चार दिवस. केदारनाथ पावणेबारा हजार फुटांवर आहे. विशीतल्या, कसलेल्या, तपासून घेतलेल्या जवानाला जिथे सहा दिवस दिले जातात, तिथे बासष्ट वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आजोबांना एक सकाळ पुरेल असं सहलीच्या पत्रकात गृहीत धरलेलं असतं.

यात्रेकरू हा गिर्यारोहकाहून अधिक धोक्यात असतो, हे नेपाळचे डॉक्टर बुद्ध बस्न्यात यांनी दाखवून दिलं. काठमांडूच्या उत्तरेला सुमारे 4,300 मीटरवर गोसाईंकुंड हे पवित्र सरोवर आहे. श्रावणी पौर्णिमेला तिथे हजारो भाविक स्नानासाठी जातात आणि दोन हजार मीटरच्या आसपासच्या गावांतून एक-दोन दिवसांतच वर पोचतात. बस्न्यात यांच्या 2000 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या भाविकांपैकी दोनतृतीयांशांना उंचीचा त्रास झालेला आढळला. कारणं पाहिली तर आपल्याकडचीच. वय जास्त, कपडे अपुरे, तिथीला पोचायची घाई, थंड पाण्यात स्नान, उपवास. आणि सर्वांत अवघड म्हणजे देवाच्या दारात आल्यावर मागे फिरायला तयार नसलेलं मन.

चालत जाण्याचे दिवस

मोटाररस्ते होण्यापूर्वी हा प्रश्न बहुतेकांपुढे नव्हता. यात्रेकरू हृषीकेशहून पायी निघे आणि देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग करत काही आठवड्यांनी केदार-बद्रीला पोचे. वाटेत काही मैलांवर एकेक चट्टी असे. दुकानदाराकडून शिधा घ्यायचा, तिथेच भांडी मिळत, रांधून खायचं आणि पथारी पसरायची. काली कमलीवाला क्षेत्राच्या धर्मशाळांचा आधार होताच. हनुमानचट्टी, जानकीचट्टी, जंगलचट्टी ही ठिकाणं आजही नकाशावर आहेत. त्या प्रवासात इतर संकटं भरपूर होती. पटकीच्या साथी येत. 1918 ते 1926 या काळात याच वाटेवर वावरणाऱ्या रुद्रप्रयागच्या बिबट्याने सरकारी नोंदीप्रमाणे 125 माणसं मारली आणि शेवटी जिम कॉर्बेटने त्याला टिपलं. पण रोज थोडं थोडं चढणाऱ्या शरीराला विरळ हवेची ओळख होत जाई.

1962 नंतर सीमेच्या गरजेने रस्ते वर सरकले आणि आठवड्यांचे दिवस झाले. हेलिकॉप्टरने दिवसांची मिनिटं केली. वेळ वाचला तो नेमका शरीराच्या वाट्याचा. 2022 च्या हंगामात चारधाम यात्रेत दोनशेहून अधिक भाविक दगावले, त्यांत हृदयविकाराच्या झटक्यांचा वाटा मोठा होता. त्यानंतर उत्तराखंडच्या आरोग्य विभागाने दिलेल्या सूचनांत पहिलीच सूचना दिवसांची आहे: यात्रा किमान सात दिवसांची आखा, शरीराला सवय होऊ द्या. चढताना दर तासाला पाच-दहा मिनिटं थांबा, गाडीने जातानाही दर दोन तासांनी उतरा.

पंचांग आणि हवामान

आखणी सुरू होते ती माघात. केदारनाथाची कपाटं कधी उघडणार ते महाशिवरात्रीला उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात जाहीर होतं. बद्रीनाथाची तारीख वसंतपंचमीला नरेंद्रनगरच्या राजवाड्यात ठरते, कारण टिहरीच्या राजघराण्याचा तो मान. यमुनोत्री आणि गंगोत्री अक्षय्य तृतीयेला उघडतात. भाऊबीजेला केदारनाथ आणि यमुनोत्री बंद होतात, गंगोत्री त्याच्या आधी, अन्नकुटाच्या दिवशी. बद्रीनाथ मात्र नोव्हेंबरातल्या ठरलेल्या मुहूर्तापर्यंत उघडं असतं. मग केदारची उत्सवमूर्ती उखीमठला, गंगेची मुखब्याला, यमुनेची खरसालीला उतरते. गुडघ्यांनी किंवा डॉक्टरांनी वर जायला नकार दिला असेल, तर ही हिवाळी गाद्यांची यात्रा विचारात घेण्याजोगी आहे. पूजा तीच, उंची बरीच कमी.

उघडणारे सहा महिने सगळे सारखे नसतात. मे आणि जूनचा पहिला पंधरवडा म्हणजे शाळांच्या सुट्ट्या आणि तुडुंब गर्दी. रस्त्यावर गाड्यांची रांग, दर्शनाला तासन्‌तास, आणि उघड्यावर उभं राहून अंगात भरणारी थंडी. जूनच्या उत्तरार्धापासून पाऊस. 16 आणि 17 जून 2013 ला अतिवृष्टी झाली, वरच्या चोराबारी सरोवराचा बांध फुटला आणि केदारपुरी गाडली गेली. मंदिरामागे अडकलेल्या प्रचंड शिळेने पाण्याचा लोंढा दुभंगला आणि मंदिर वाचलं. ती शिळा आज भीमशिला म्हणून पुजली जाते. वाटेतलं रामबाडा गाव तेव्हा पुसलं गेलं, म्हणून आताची वाट मंदाकिनी ओलांडून समोरच्या काठाने जाते आणि पूर्वीच्या चौदाऐवजी सुमारे सोळा किलोमीटर भरते. 31 जुलै 2024 च्या रात्री ढगफुटीने हीच वाट ठिकठिकाणी तुटली आणि हजारो यात्रेकरूंना बाहेर काढावं लागलं. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत आकाश निवळतं, गर्दी ओसरते, रात्री मात्र बोचऱ्या होतात. नोकरीची अडचण नसलेल्या निवृत्तांनी हा काळ निवडावा.

क्रमातलं शहाणपण

चारही धामं करायची तर परंपरेचा क्रम पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो: यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बद्री. उंचीच्या नजरेने पाहिलं तर तो सोयीचाही आहे. यमुनोत्रीसाठी मुक्काम पडतो जानकीचट्टीला, सुमारे 2,650 मीटरवर. मंदिर सुमारे 3,290 मीटरवर, म्हणजे चढून दर्शन घ्यायचं आणि झोपायला खाली यायचं. गंगोत्री 3,100 मीटरच्या आसपास. मध्ये उत्तरकाशी, गुप्तकाशीसारखे सखल मुक्काम येतात, त्यामुळे मिळवलेली सवय पूर्ण टिकत नाही, पण पाटी अगदी कोरीही राहत नाही. सर्वांत उंच केदार तिसऱ्या क्रमांकावर येतो.

फक्त केदारला जाणाऱ्यांची खरी पंचाईत. गुप्तकाशी सुमारे 1,300 मीटरवर, तिथून एकदम 3,583. गिर्यारोहण वैद्यकातला नियम सांगतो की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये. दिवसभर किती चढलो यापेक्षा रात्र कुठे काढली, याला महत्त्व आहे.

त्यावर एक तोड उखीमठच्या वरच आहे. तुंगनाथाच्या पायथ्याचं चोपता सुमारे 2,700 मीटरवर आहे. साठीच्या जोडप्याचं वेळापत्रक असं आखता येईल. पहिला मुक्काम हरिद्वार, दुसरा उखीमठ. तिसरी आणि चौथी रात्र चोपत्याला. मधल्या दिवशी तुंगनाथाच्या वाटेवर जमेल तितकं चढायचं आणि खाली येऊन झोपायचं. पाचव्या दिवशी सोनप्रयाग किंवा गौरीकुंड. सहाव्या दिवशी चढाई, पण थेट मंदिरापर्यंत नाही. वाटेतल्या भीमबली किंवा लिंचोलीला तंबू मिळाला तर रात्र तिथे. सातव्या दिवशी उरलेला चढ, दर्शन आणि तब्येत पाहून मुक्काम किंवा परत. आठवा दिवस हातात राखून ठेवायचा. दरड कोसळली, पाऊस लागला, कोणाला ताप आला, तर तो खर्ची पडेल. नाही पडला तर हरिद्वारला गंगेची आरती निवांत पाहता येईल. जाण्यायेण्याची रेल्वे धरून ही अकरा-बारा दिवसांची यात्रा होते. परतीचं तिकीट त्या राखीव दिवसानंतरचं काढावं.

निघण्यापूर्वी

दोन-तीन महिने आधीपासून रोज चालणं, आठवड्यातून दोनदा जिने किंवा टेकडी. पन्नाशीच्या पुढे हृदयाची तपासणी, ताणचाचणीसह. मधुमेह, रक्तदाब, दमा किंवा स्टेंट असेल तर डॉक्टरांना ‘देवाला जातोय’ एवढंच न सांगता उंची आणि झोपण्याची ठिकाणं सांगावीत. उंचीच्या त्रासाला आधी घेण्याची असिटाझोलामाइड ही गोळी प्रसिद्ध आहे. ती मूत्रपिंडांचं तेच बायकार्बोनेटचं काम लवकर सुरू करून देते. पण ती सर्वांना चालत नाही, सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांनी तर विशेष जपावं. इतरांची गोळी बघून आपण घेऊ नये. इन्शुलिन गोठलं तर निकामी होतं, म्हणून ते खिशात, अंगाजवळ ठेवावं.

उत्तराखंड सरकारची नोंदणी सक्तीची आहे. केदारच्या हेलिकॉप्टरचं अधिकृत बुकिंग आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरूनच होतं, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर तिकीट देणाऱ्यापासून लांब राहावं. हेलिकॉप्टरबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या अरुंद दरीत हवा क्षणात बदलते. 15 जून 2025 ला केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळच्या जंगलात कोसळलं आणि त्यातले सातही जण गेले. हवा खराब असताना उड्डाण रद्द झालं तर काउंटरवर भांडण्यात अर्थ नसतो.

पिशवीत सुती कपड्यांपेक्षा लवकर वाळणारे कपडे हवेत. ओला सुती सदरा वाऱ्यात अंगातली सगळी ऊब शोषून घेतो. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ थर एकावर एक, वर पावसाचा कोट, कानटोपी, हातमोजे, काठी, आणि आधी महिनाभर वापरून मुरलेले बूट. खायला राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर. उपवासच करायचा तर तो खाली उतरल्यावर करावा. पाणी तहान नसतानाही पीत राहावं. चालवत नसेल तर खेचर, डंडी, कंडी मिळतात, त्यांचे सरकारी दर ठरलेले असतात आणि पावती काउंटरवर मिळते. पण बसून जाणाऱ्याला चालणाऱ्यापेक्षा जास्त थंडी वाजते.

वर डोकं दुखू लागलं तर पुढे चढायचं नाही. विश्रांतीने उतरलं नाही, किंवा चाल अडखळू लागली, बसल्या बसल्या धाप लागली, तर रात्र असो वा पूजा बाकी असो, खाली यायचं. तीनशे मीटर उतरलं तरी फरक जाणवतो. बाजारात मिळणारा ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांचा दिलासा देतो, उतरण्याला पर्याय होत नाही. हा निर्णय कोण घेणार ते घरूनच ठरवून निघावं, कारण आजारी माणूस स्वतः ‘मी ठीक आहे’ असंच म्हणत राहतो.

नियम जिथे कडक आहेत

काही यात्रांत हे भाविकाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. ऑगस्ट 1996 मध्ये अमरनाथच्या वाटेवर अवेळी हिमवादळ आलं आणि दोनशे चाळीसहून अधिक माणसं मेली. नीतीश सेनगुप्ता समितीने त्यानंतर संख्येवर आणि तब्येतीवर नियंत्रण सुचवलं. आज 3,888 मीटरवरच्या त्या गुहेकडे जायला ठराविक नमुन्यातला वैद्यकीय दाखला लागतो आणि वय 13 ते 70 च्या दरम्यान असावं लागतं. 2023 मध्ये श्राइन बोर्डाने वाटेवरच्या लंगरांत पुरी, समोसा, शीतपेयांवरही बंदी घातली. बालटालहून चौदा किलोमीटरची खडी वाट एका दिवसात उरकते, पहलगामहून शेषनाग आणि पंचतरणीला रात्र काढत जावं लागतं. लांबच्या वाटेवर शरीराला जास्त दिवस मिळतात. परराज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, हेही आधी कळलेलं बरं.

पाच वर्षांच्या खंडानंतर 2025 मध्ये पुन्हा सुरू झालेली कैलास-मानसरोवर यात्रा याहून काटेकोर आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या यात्रेत वय 18 ते 70, वजन-उंचीचा निर्देशांक पंचवीसच्या आत, आणि दिल्लीत हृदय-फुप्फुसांच्या तपासण्या. त्यात नापास झालेला यात्रेकरू दिल्लीतूनच घरी परततो. 2025 साली लिपुलेखमार्गे पन्नास जणांच्या पाच आणि नाथू लामार्गे दहा तुकड्या गेल्या.

केदारच्या वाटेवर अशी गाळणी नाही, आणि प्रवास आणखी झटपट होणार आहे. सोनप्रयाग ते केदारनाथ या 12.9 किलोमीटरच्या रोपवेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च 2025 मध्ये मंजुरी दिली. खर्च 4,081 कोटी रुपये, प्रवास 36 मिनिटांचा. गुडघे दुखणाऱ्या हजारो भाविकांना त्यामुळे प्रथमच दर्शन घडेल. त्या 36 मिनिटांत पाळणा सतराशे मीटरहून अधिक उंची चढेल. त्याचं तिकीट काढणाऱ्यालाही चोपत्यातल्या दोन रात्री वेळापत्रकात घ्याव्या लागतील.